सेक्रेटरीच्या घरचं दूध

दादा, दुधातलं पाणी ओळखायची तुमची ती काचेची डिग्री आता माझ्या कपाटात असते. फुटू नये म्हणून लोकरीच्या मोज्यात घालून ठेवलीय. तुम्ही गेल्यावर दूध संस्थेचे लोक घरी आले आणि 'सेक्रेटरींची आठवण' म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी दोन्ही हातांनी घेतली, वर डोळेही पुसले. अख्ख्या गावात ती घ्यायचा हक्क नसलेलं एकच माणूस होतं आणि ते मी होते. हे तुम्हाला कधी कळलं नाही. तुम्ही होतात तोवर मी ते कळू दिलं नाही, असं म्हणणं जास्त खरं.

मी तेव्हा नववीत होते. दुष्काळाचं दुसरं वर्ष. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, राहिलेल्यांची जनावरं छावणीत, आणि घरोघर एखादी म्हैस कशीबशी राखलेली. आपली म्हैस वाळलेल्या कडब्यावर जेमतेम तीन लिटर द्यायची. लोक दुधात पाणी घालायला लागले होते. टँकरचं पाणी, रांगेत भांडून मिळवलेलं, तेच दुधात. तालुक्याच्या संघानं आपल्या गावाचे कॅन दोनदा माघारी पाठवले आणि तिसऱ्यांदा पाणी निघालं तर संकलन बंद म्हणून कळवलं. त्या संध्याकाळी तुम्ही संस्थेच्या पायरीवर उभे राहून सगळ्यांना सांगितलंत, "उद्यापासून जेची डिग्री बसायची न्हाई तेचं दूध माघारी. माझ्या सख्ख्या भावाचं असलं तरी बी." मी तिथंच खाली बसले होते. माझी मान तेव्हा इतकी ताठ होती की काय सांगू. आपल्या बापासारखा बाप गेवराईपासून धारूरपर्यंत नाही, असं मला वाटत होतं.

त्यानंतर तिसऱ्याच दिवशीची सकाळ. आईनं धार काढून किटली माझ्याकडे दिली. संस्थेपर्यंत ती पोचवायची आणि तशीच पुढं शाळेत जायचं, हे माझं रोजचं काम. मारुतीच्या पाराजवळ आले आणि वरून विमान गेलं. आपल्या आभाळात ढग नसायचे, पण विमानाची पांढरी रेघ तेवढी रोज उमटायची. मी वर बघत चालले, दगडाला ठेचकाळले आणि किटली कलंडली. निम्मं दूध धुळीत गेलं. धुळीनं ते बघता बघता पिऊन टाकलं, इतकी ती तहानलेली. मी घरी पळाले. आई मागं गोठ्यात शेण भरत होती. चुलीजवळ टँकरचा हंडा होता, पहाटे चारपासून रांगेत उभं राहून तिनं आणलेला. त्यातले दोन तांबे मी किटलीत ओतले, किटली उंबऱ्यावर ठेवली आणि ओरडले, "आई, आज दूध तू ने. मला शाळेला उशीर व्हायलाय."

माझं पाप पाण्यापाशी संपत नाही, दादा. पाणी घातलं ती घाबरलेली पोर होती, तिला मी कधीमधी माफ करते. पण ती किटली मी आईच्या हातात दिली, आणि ती मात्र विचार करून दिली. तुम्ही डिग्री लावणार हे मला माहीत होतं. आणि सांडलं म्हणून सांगितलं असतं तर काय झालं असतं? तुम्ही आयुष्यात कधी हात उगारला नाहीत. 'खाली बघून चालावं, माय' एवढंच म्हणाला असतात. त्या एका वाक्याला भ्याले मी.

संस्थेत काय झालं ते मला शाळेत मधल्या सुट्टीत कळलं. पोरांनी आधीच चिडवायला सुरुवात केली होती, 'सेक्रेटरीच्या घरचं पाणी' म्हणून. तुम्ही आईच्या किटलीत डिग्री सोडली. ती खाली गेली. तुम्ही उचलून परत सोडली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "दूध सेक्रेटरीच्या घरचं हाय. पानी हाय. माघारी." आई पदर सावरून किटली घेऊन परत फिरली. पुरुषांच्या रांगेसमोरून तिला चालत यावं लागलं. मी तिथं नव्हते, पण ती चाल मी बघितल्यासारखी आठवते मला.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "तू घातलंस पानी?" आई भाकरी थापत होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. माझ्या शाळेच्या स्कर्टवर दुधाचा वाळलेला डाग होता आणि हंडा चार बोटं उतरला होता, तिला सगळं दिसत होतं. "व्हय," ती म्हणाली, "पोरीसाठी पेलाभर काढून ठिवलतं. म्हून घातलं." तुम्ही म्हणालात, "उद्यापासून आपल्या घरचं दूध पयलं तपासायचं. समद्यांच्या म्होरं." आणि ते तुम्ही निवृत्त होईपर्यंत चाललं. रोज सकाळ-संध्याकाळ आई रांगेत पहिली, डिग्री पहिली तिच्या दुधात, आणि सगळं गाव बघणार. गावात परत कुणी पाणी घातलं नाही. संस्था टिकली. लोक म्हणायचे, बायकोला सोडलं नाही तर आपल्याला काय सोडेल हा माणूस. तुमचं नाव झालं ते त्या दिवसानं, आणि तो दिवस माझ्या दोन तांब्यांनी. मी रोज ठरवायची, उद्या सांगू. दहावी झाली, बारावी झाली. मला वैमानिक व्हायचंय म्हटल्यावर घरात कुणी हसलं नाही. शिष्यवृत्ती मिळाली आणि मी दूरच्या एका विमानतळावर शिकायला गेले. उद्या काही उगवला नाही.

तुम्ही तिथं एकदाच आलात. एसटीनं, खव्याच्या पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन, डोक्यावर कडक टोपी. हँगरच्या दाराशी स्टूलवर तुम्हाला बसवलं होतं. सकाळी उडण्याआधी विमानाभोवती फिरून सगळं तपासायचं असतं. मी पंखाखाली वाकले, टाकीच्या बुडाची कळ दाबून थोडं इंधन एका पारदर्शक नळीत काढलं आणि उजेडाकडे धरलं. तुम्ही स्टुलावरून उठून आलात. "काय बगायली?" "पाणी, दादा. इंधनात पाणी आहे का ते. असलं तर बुडाला बसतं, वेगळं दिसतं. वर गेल्यावर इंजिन बंद पडू शकतं." तुमचा चेहरा असा उजळला, जसा मी पहिल्यांदा एकटी उडाले तेव्हाही उजळला नसेल. "म्हंजी तू बी हेच करायलीस!" तुम्ही नळी माझ्या हातातून घेतलीत, जुन्या सवयीनं डोळ्याच्या उंचीला धरलीत आणि मान हलवलीत. "दुधात असं येगळं दिसलं असतं तर बरं झालं असतं. पानी घालायच्या मोहातनं मानसं तरी वाचली असती." मी पंखाखाली परत वाकले. तिथं माझं काही काम उरलेलं नव्हतं.

दुपारी तुम्ही माझं लॉगबुक मागितलंत. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमान, वेळ आणि खाली उडायला शिकवणाऱ्या सरांची सही, असं ते पुस्तक. दोनशे तास भरल्याशिवाय लायसन्स नाही. तुम्ही बोट फिरवत एकेक ओळ वाचत गेलात, जसं संस्थेचं रजिस्टर वाचायचात. आणि एका ओळीवर बोट थांबलं. "पोळ्याला मी फोन केलता. तू म्हनलीस, इंजन खोलून ठिवलंय, समदे बसून हायेत. मग ह्ये अडीच तास कुठून आले, माय?"

मी म्हटलं, "सगळेच लिहितात, दादा. विमानं कमी आणि पोरं जास्त. असे थोडे तास सर लिहून देतात." तुम्ही रागावला नाहीत. रागावला असतात तर मला भांडता आलं असतं. पुस्तक मिटून तुम्ही मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, "सर सही करतेत. पर मागं बसनारी मानसं सरांच्या भरवशावर बसत न्हाईत, तुज्या भरवशावर बसत्यात." मग बाहेर धावपट्टीकडे बघत, हळू आवाजात, "चूक समद्यांकडून व्हती. तुझ्या आईकडून एकदा झाली. लई चांगली बाई, पर एकदा झाली. कावून क्येलं तिनं, मला अजून उमगलं न्हाई. परत इचारायला माझी जीभ रेटली न्हाई." तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांनी, दादा. तुम्हाला ते खुपत होतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मला वाटायचं खुपतं ते फक्त आईला आणि मला. मी तोंड उघडलं. आणि विचारलं, "चहा घेणार का?"

तुमची एसटी सुटल्यावर मात्र मी पेन घेतलं. असे खोटे तास एकूण अकरा निघाले. प्रत्येक ओळीवर रेघ मारली, बाजूला सही केली आणि पुस्तक सरांच्या टेबलावर ठेवलं. सर पंधरा दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. माझी उडायची पाळी मागं मागं जात राहिली, माझ्या नंतर आलेली दोन पोरं माझ्या आधी लायसन्स घेऊन गेली. ते अकरा तास मी खरे उडून भरले, आणि उडताना दर वेळी मला वाटत होतं की हे भरले की ते दोन तांबेही भरून निघतील. मी स्वतःला असंच फसवत आलेय. सोपं प्रायश्चित्त घेतलं की अवघड आपोआप सुटतं, असं काहीतरी.

लायसन्स घेऊन घरी आले तेव्हा तुम्ही ओसरीवर बसला होता. अकरा तासांचं सगळं सांगितलं. हे सांगायला बरी जीभ चालली माझी! तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात. आत आई चुलीपाशी होती, सगळं ऐकू जाईल इतक्या अंतरावर. आणि तुम्ही म्हणालात, "बरं क्येलंस, माय. तू आईवर न्हाई गेलीस."

भाकरी थापायचा आवाज क्षणभर थांबला. मग परत सुरू झाला, तसाच. मला तेव्हा सांगायला फक्त चार शब्द लागले असते. तुम्ही समोर होतात, ती आत होती, दुसरं कुणी नव्हतं. मी ते कौतुक घेतलं. गिळलं आणि वर त्या रात्री पोटभर जेवले. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

तुमच्या तेराव्याला संस्थेचे चेअरमन बोलायला उभे राहिले. त्यांनी तोच किस्सा सांगितला, दुसरा कोणता सांगणार? "सेक्रेटरींनी सोताच्या मालकिनीचं दूध माघारी पाठिवलं, तवा ही संस्था जगली!" लोकांनी माना हलवल्या. आई बायकांत बसली होती, पदर कपाळापर्यंत ओढलेला. शेजारी मी, एअरलाइनमध्ये नोकरी लागलेली, गावातल्या पोरी वळून वळून बघत होत्या ती. माझा हात तिच्या हातात होता. तिनं तो दाबला. गप्प बस, असं ते दाबणं होतं. मी गप्प बसलेच होते, मला दाबायची गरज नव्हती.

आता मी कॅप्टन आहे. इंधनातलं पाणी आता दुसरे लोक तपासतात, कागदावर सही तेवढी माझी. तरीही उड्डाणाच्या आधी मी खाली उतरून त्या माणसाला विचारते, "बघितलंस ना नीट?" तो हसतो. मॅडम फार काटेकोर आहेत, असं सगळे म्हणतात. नवी पोरं मला भितात. त्यातल्या एकीनं परवा विचारलं, एवढी शिस्त तुम्हाला कुणी लावली? मी म्हटलं, वडिलांनी. तुमचीच गोष्ट सांगितली, दादा. किटलीची. जशी चेअरमन सांगायचे तशीच सांगितली.

त्या दिवशी घरी आल्यावर लाज इतकी दाटून आली की जेवण जाईना. आई माझ्याकडेच असते हल्ली. गुडघे धरलेत, तरी भाकरी तीच करते, माझी तिला आवडत नाही. मी ओट्याजवळ जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आई, ते त्या दिवशीचं पाणी..." तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. "भाकर गार व्हायली, खाऊन घे." मी खाल्ली.

आज सकाळपासून हे लिहीत बसलेय. आई दोनदा येऊन गेली, एकदा चहा ठेवायला, एकदा कप न्यायला. पानं टेबलावर उघडीच होती. मी झाकली नाहीत. ती क्षणभर अक्षरांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "लई लिव्हायलीस आज." तिला वाचता येत नाही, दादा. आणि तुम्ही तर नाहीच. दोघांतल्या एकालाही हे वाचता आलं असतं, तर मी यातली एक ओळही लिहिली नसती.