ताई, तुझा दुसरा निबंध वाचला

माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई, म्हणजे ताई,

तू गेल्याला वर्ष होत आलं आणि आता तुला पत्र! "संज्या, जिवंत होती तवा दोन ओळी नाई लिवल्या बे," म्हणशील. म्हण. पण परवा एक फोन आला, म्हणून लिहायला बसलो.

फोनवर एक मुलगी होती, डोळ्यांवर संशोधन करणारी, पार दक्षिणेतली. मोडक्या हिंदीत म्हणाली, "मॅडमचा दुसरा शोधनिबंध आम्ही सगळ्या नव्या डॉक्टरांना वाचायला लावतो. बाई पेशंट आली की घरच्या माणसांना बाहेर पाठवून तिला विचारायचं, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो. त्यांच्या आई आहेत का हो अजून?"

"आहेत," म्हणालो आणि फोन ठेवला. मी तो निबंध उघडलाच नव्हता!

पहिला मात्र पाठ होता. आठवतात का गं ते दिवस? उंद्रीच्या आपल्या ओसरीवर तुझी रजिस्टरं पसरलेली असायची. सोयाबीनच्या मळणीत भुसा उडायचा, डोळ्यात कुटार जायचं, जखम व्हायची, बुबुळावर फूल पडायचं. पेशंट म्हणून आलेली सून पदर पुढे ओढून खाली बघत बसायची आणि सासरा सांगायचा, "बायाइनं पदरानं कुटार काढलं, म्हून डोया बिघडला." तू लिहून घ्यायचीस. सासऱ्यासमोर सून कशी तोंड उघडणार? आपण याच गावात वाढलो, तरी तुझ्या ध्यानात आलं नाही!

निबंध छापून आला, मोठमोठ्या लोकांनी त्याचे दाखले दिले. बायांनी पदरानं कुटार काढल्यानं डोळे जातात, हे तू कौतुकानं आम्हाला मराठीत समजावून सांगितलंस. आई चुलीपाशी ऐकत होती. अर्ध्या गावाच्या डोळ्यांतलं कुटार तिनंच काढलेलं. त्या दिवसापासून तिनं कुणाच्या डोळ्याला हात लावला नाही. लेकरं रडत आली की म्हणायची, "दवाखान्यात जा बाप्पा, मी लोकाइचे डोये फोडतो म्हने."

तुला ती एकदाच बोलली, चिखलीच्या गाडीत बसवताना. "तू बाईले इचारलंच कुठं? तिच्या सासऱ्याले इचारलं." तू रजिस्टर उघडून त्यात बघत बसलीस. मला वाटलं, शिकलेल्या पोरीची घमेंड.

पुढच्या हंगामात तू वावरात जाऊन बायांबरोबर कापूस वेचतेस असं कानावर आलं. "नाटकं!" म्हणालो मी. मग तुझं पाकीट आलं. वर लिहिलेलं, 'आईले वाचून दाखव.' मी ते शाळेतल्या माझ्या कपाटात टाकलं. रागानं, ताई! पुढे रागही गेला, पण पाकीट तिथेच राहिलं.

काल फोडलं. शब्दकोश घेऊन बसलो. तू किती सरळ लिहिलंयस! 'माझा निष्कर्ष चुकला, मी बायांना विचारलंच नव्हतं.' वावरात त्या बोलल्या तेव्हा कळलं की घरच्या माणसांनी मेडिकलमधून आपल्याच मनानं थेंब आणले, कितीतरी दिवस तेच घातले आणि डोळे त्यानं जास्त बिघडले. आणि शेवटी, 'ही चूक माझ्या आईने दाखवून दिली.' खाली आईचं पूर्ण नाव! एवढ्या विद्वानांसमोर असं कोण लिहितं गं?

आई तूर निवडत होती. वाचून दाखवलं. तिचे हात थांबले.

"हे कवा आलं व्हतं?"

खोटं बोलावंसं वाटलं. खरं तेच सांगितलं.

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मले वाटे, थे अजून मलेच दोष देते. म्हून थे घरी आली की मी कामातच राहो. शेवटच्या दिवाईलेबी तिच्यासंग धड बोलली नाई मी."

मी रडलो, ताई. पन्नाशीचा मास्तर आईसमोर पोरासारखा रडलो. तिनं मला उगी केलं नाही. "पुन्हा वाच," एवढंच म्हणाली.

माफी कोणत्या तोंडानं मागू? तुमच्या दोघींमधली इतकी वर्षं मी कपाटात कोंडून ठेवली. एवढा शब्द देतो, तुझ्या दुसऱ्या निबंधाचं मराठी मी करीन आणि तुझी चूक त्यात तू लिहिलीस तशीच ठेवीन. आणि आई म्हणेल तितक्या वेळा तिला वाचून दाखवीन. सकाळपासून दोनदा झालं. आता पुन्हा हाक मारून राह्यली. जातो.

तुझाच,
संजू