आईच्या डोळ्यांतलं औषध

३ ऑगस्ट

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. वहिनी उचलते, आणि तिच्याकडून कळलं की लाकडाच्या भुशाने डोळे चुरचुरतात म्हणून रोज कारखान्यात लेथ सुरू करण्याआधी तू आईच्या औषधाचे थेंब घालतोस. तिची बाटली संपल्यावर दुकानातून तसलीच नवी आणलीस म्हणे. ते आजपासून बंद कर आणि डोळ्यांचा दाब तपासून घे.

कारणही सांगते, नाहीतर म्हणशील धाकटी डोक्यावर मिरे वाटते. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होत असतं. अश्रू नव्हेत, ते वेगळं. हे पाणी एका बारीक जाळीतून बाहेर जातं. जाळीवरच्या पेशी त्यातला कचरा उचलून वाट मोकळी ठेवतात. त्या बिघडल्या की पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि मागची नस मरत जाते. यालाच काचबिंदू म्हणायचं. दुखत काही नाही, कडेची नजर आधी जाते, म्हणून माणूस बेसावध राहतो. त्या औषधात स्टिरॉइड आहे आणि काही जणांच्या पेशींना ते सोसत नाही.

आजवर माझं एक अक्षर ऐकलं नाहीस, एवढं ऐक. शेवटी लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

धाकटी


११ ऑगस्ट

शास्त्रज्ञबाईंस,
अनेक आशीर्वाद. तेही पद्धत आहे म्हणूनच.

आई गेल्यापासून तुझं हे पहिलं पत्र, आणि त्यात हुकूम. ती गेली त्या दिवशी मी दारात आल्यागेल्याला सामोरा जात होतो आणि मागच्या खोलीतून तुझी माणसं बर्फाच्या डब्यात तिचे डोळे घेऊन निघाली होती. तिचीच इच्छा होती म्हणतेस. असेल. पण मला एक हाक मारायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं?

आता औषधाचं. त्या थेंबांनी आईच्या डोळ्यांची लाली गेली, खाज गेली. डॉक्टरांनीच दिलं होतं ते. पुढे काचबिंदू झाला तो वयामुळे, असं दवाखान्यात मला समोर बसवून सांगितलं. तू कुठे होतीस तेव्हा? वर्षातून एकदा स्वेटर घेऊन उगवायचीस, आणि त्याचा रंगसुद्धा तिला दिसत नसे. तिला हात धरून संडासापर्यंत कोण न्यायचं, नखं कोण कापायचं, चार वर्षं रोज थेंब कोण घालायचं? एक दिवस चुकवला नाही मी.

माझ्या डोळ्यांचं मी बघतो. टेबलाचे चारी पाय अजून एका मापाचे उतरतात. तू तुझ्या प्रयोगशाळेतल्या बशा सांभाळ, आणि वहिनीकडून चहाड्या गोळा करू नकोस. तिलाही मी ऐकवायचं ते ऐकवलं आहे.

कळावे. लोभ तुझ्या सोयीने असू दे.

दादा


१९ ऑगस्ट

ती. स्व. दादास,
नमस्कार.

हे लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण एक दिवस चुकवला नाही, असं तू अभिमानाने लिहिलंस आणि मला दुसरा मार्ग ठेवला नाहीस.

आईच्या जाळीतल्या पेशी मी प्रयोगशाळेत वाढवल्या. त्या अजून जिवंत आहेत. अर्ध्या बशांत तेच औषध घातलं, अर्ध्या तशाच ठेवल्या. औषधातल्या पेशी फुगल्या. पेशीला आकार देणारे धागे आत असतात, त्यांचा मांजराने लोकर विस्कटावी तसा गुंता झाला. कचरा उचलायचं त्यांनी सोडलं, उलट स्वतःभोवती चिकट थर साठवत बसल्या. जाळी बुजते ती अशी. दुसऱ्यांच्या पेशींनी त्याच औषधात बराच तग धरला. आईच्या नाही. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, अजूनही करते आहे, आणि दर वेळी तेच होतं.

वयाने तिला काचबिंदू झालाही असता. पण इतक्या लवकर नाही, इतका नाही. डॉक्टरांनी ते औषध पंधरा दिवसांसाठी दिलं होतं. तू चार वर्षं घातलंस. आईची नजर त्या थेंबांनी गेली, दादा, आणि ते तुझ्या हातून पडले.

तू तिचा मुलगा आहेस. तुझ्या पेशी तिच्यासारख्या असण्याची मला भीती आहे, आणि तू फिरत्या लेथपाशी बोटं घेऊन उभा असतोस. माझा रागराग कर, जन्मभर कर. पण डोळे शाबूत ठेव.

धाकटी


२८ ऑगस्ट

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी कारखान्यात उभ्यानेच वाचलं आणि लेथ चालू टाकून घरी आले. बाटली मोरीत ओतली. जेवण नाही. मग एका सकाळी आपणहून दवाखान्यात गेले. दाब चांगलाच चढलेला निघाला. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली आहे ती येणार नाही, उजवा वाचेल म्हणतात. सारखे दाराच्या चौकटीवर खांदा आपटायचे आणि मी त्यांना वेंधळे म्हणायची.

तुम्ही डोळा वाचवलात, ते मी नाकारत नाही. पण त्यांच्या हातून पडले, हे लिहिताना तुमचा हात जरासुद्धा अडखळला नाही? घरातला माणूस आपल्याच हातांकडे बघत बसून राहतो, ते मला बघावं लागतं. मी तुमच्यावर फार रागावले आहे. राग ओसरला की लिहीन.

तुमची वहिनी


७ सप्टेंबर

धाकटे,
आशीर्वाद.

नवे थेंब चालू आहेत. तुझी वहिनी घालते, माझ्या हाताला बाटली धरवत नाही. दाब उतरतो आहे. तू लिहिलंस ते सगळं खरं निघालं आणि त्याचाच मला संताप येतो. माझा दोष नाही, अशी समजूत घालणारं पत्र पाठवशील तर फाडून टाकीन. इतक्यात इकडे येऊही नकोस.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. थेंब घातले की आई डोळे मिटून माझं मनगट धरून ठेवायची. थंड वाटतं, म्हणायची. पुढे दिसेनासं झालं तेव्हा तर मी यायच्या आधीच खिडकीजवळच्या खुर्चीत बसून, मान वर करून तयार असायची. दुसरं काही तिने कधी मागितलं नाही. तिने एवढ्या विश्वासाने तोंड पुढे केलं आणि मी तिच्या डोळ्यांत काय घातलं, ते माझं मी भोगीन.

तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. तिच्या पेशी अजून जिवंत आहेत म्हणतेस, आणि त्यांच्यावर तू ते औषध अजूनही घालतेस. ते काय करतं हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत आहे. मी थांबलो. आता तूही थांब.

दादा