शेवंतीचा खुराक

चौल, ४ मार्च २०२४

ती. दादास,
जागृतीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तू दिलेली शेवंती आजारी आहे. महिनाभरात तिचे मागचे पुठ्ठे उतरले. उभ्या उभ्या पाय थरथरतात. किनाऱ्यावरची घोडागाडी बंद ठेवलीय. ह्यांनी रविवारी एका व्यापाऱ्याला तिला बघायला बोलावलंय. म्हणाले, बसलेली घोडी दारात बघवणार नाही.

मी अमिषा डॉक्टरांना आणलं. त्यांनी रक्त तपासलं. दिवाळीपासून घोडी नुसत्या सुक्या गवतावर आहे, तेही मागच्या वर्षीच्या. हिरव्या चाऱ्यातलं ई जीवनसत्त्व वाळल्यावर राहत नाही, तांबं-जस्तही कमी पडतं. पोट भरतं, पण अंगात ताकद येत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांनी जीवनसत्त्वाची पूड आणि खनिजांचं मिश्रण दिलंय. बरी होईल, पण धीर धरावा लागेल म्हणाल्या.

ह्यांना दोन ओळी लिही. तुझं ऐकतात.

वहिनीला नमस्कार. माया असू दे.
तुझी जागृती


रेवस, ७ मार्च

चि. सौ. जागृतीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मी तिला रोज बांधावरचं हिरवं कापून घालायचो, म्हणून हे दुखणं मला कधी कळलंच नाही. डॉक्टरीणबाई सांगतील तेवढंच दे. काळजीपोटी बाजारातला आणखी एखादा डबा आणू नकोस. आमच्या काळूरामने दोन टॉनिकं एकदम चारली, तर घोड्याची आयाळ गळाली नि खूर तडकले. तुझा हात सढळ, म्हणून बजावतो.

पुढचं जीवनरावांना वाचून दाखव. घोडी तुमची आहे, मी अडवणार नाही. घोडागाडी हाकताना मागून येणाऱ्या मोटारीचा हॉर्न मला ऐकू येईना, तेव्हा शेवंतीला सोडावं लागलं. मागायला तिघे आले होते. तुम्ही चढावर गाडीतून उतरून तिच्या बाजूने चालायचात, ते मी पाहिलं होतं. म्हणून तुम्हाला दिली.

वहिनी बरी आहे. सुक्या जवळ्याची पिशवी पाठवते आहे. सर्वांना आशीर्वाद.
दयाराम


चौल, १८ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र ऐकून हे उठून गोठ्यात गेले. रविवारी व्यापारी आला, तर त्याला सांगायला लागले की घोडी चावते, बुजते, अडून बसते. तो चहासुद्धा न घेता गेला. शेवंती आयुष्यात कुणाला चावलेली नाही.

पूड खाताना मात्र तिने रडवलं. चंदीच्या दाण्यात मिसळली की हुंगून तोंड फिरवायची. गूळ झाला, कोंडा झाला. शेवटी ह्यांनी डॉक्टरांना विचारून पिकल्या केळ्यात पूड भरली. आता वाडीतली चांगली केळी आधी घोडीला, मग आम्हाला. मी काही बोलले तर म्हणतात, तुझे पाय थरथरतात का?

परवा पुन्हा रक्त तपासलं, चांगलं आलं. पुठ्ठे भरू लागलेत. थोडा थोडा हिरवा चाराही सुरू केलाय. काल रिकामी गाडी जोडून हे तिला वाळूवर घेऊन गेले. डॉक्टरांनी सावकाश चालवायला सांगितलं होतं, पण ओली वाळू लागताच बाईसाहेब दुडक्या चालीने निघाल्या आणि हे लगाम धरून बाजूने पळत होते. घरी आले ते धापा टाकत, तिला रागे भरत. पण दादा, ते मनातून हसत होते.

पुढच्या आठवड्यापासून गाडीत एक माणूस बसवायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. काल कुणी फेरीसाठी विचारलं, तर ह्यांनी त्यांना दुसऱ्याच्या गाडीकडे पाठवलं. पहिला तू बसायचास, असं ठरलंय. ये. हॉर्न ऐकायला हे आहेत.

तुझी वाट बघणारी,
जागृती