काठावरचे बारा मतदार आणि चित्राताईचे पोहे

तीर्थस्वरूप चित्राताईस,

आयर्लंडातल्या ॲडम्सटाउनहून ज्ञानेशचा साष्टांग नमस्कार. (खुर्चीतूनच घालतो आहे, कंबर धरली आहे.) आम्ही तिघं मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. भावोजींचा गुडघा आता बरा असेल. तुझं ग्रीन कार्ड आणखी दहा वर्षांसाठी नवं होऊन आलं हे कळलं, तेव्हा तुझ्या भावजयीने, श्रावणीने, देवापुढे साखर ठेवली. आता माझं ऐक. ताई, मी बुडालो आहे आणि मला तूच बुडवलं आहेस.

इथल्या सँट्रीतली आमची कंपनी अमेरिकन निवडणुकीच्या मतचाचण्या करते, हे तुला ठाऊक आहेच. निवडणूक म्हणे शहरं ठरवत नाहीत, खेडीही नाहीत, तर तुमच्यासारखी उपनगरं ठरवतात: दोन गाड्या, कापलेली हिरवळ आणि कुठल्याच पक्षाला न बांधलेली मध्यममार्गी माणसं. अशी बारा माणसं शोधून दर आठवड्याला त्यांचं मत विचारायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अनोळखी अमेरिकन माणूस काही फोन उचलत नाही. शेवटी मी तुमच्या महाराष्ट्र मंडळाची यादी काढली. बाराही जण नागरिक, बाराही उपनगरातले, बाराही काठावरचे. (बाराही मराठी, हे मी कुठे भरलं नाही. तसा रकानाच नव्हता.)

पहिल्या आठवड्यात बाराच्या बारा निळ्या पक्षाकडे झुकले. दुसऱ्या आठवड्यात लाल. तिसऱ्यात पुन्हा निळे. आमची बॉस शिवॉन ॲथलोन गावची, घराला आग लागली तरी ‘ग्रँड’, म्हणजे ‘सगळं मस्त’, म्हणणारी बाई. तीसुद्धा तो आलेख बघून खुर्चीतून उठली. त्यावरून क्लायंटने प्रचाराच्या जाहिराती दोनदा बदलल्या.

मग परवा तुमच्या मंडळाच्या स्वप्नालीताईंनी मला फोनवर सरळ सांगितलं, “अहो, आम्ही सगळे चित्राताईंना विचारतो. त्यांचा अभ्यास आहे ना!” तुझा अभ्यास, ताई! निळ्या टोपीचा कार्यकर्ता दारात आला, तू त्याला पोहे दिलेस, आणि दारी आलेल्याचं मन कसं मोडायचं म्हणून ‘तुमचंच बरोबर’ म्हणालीस. वर तेच मंडळाच्या ग्रुपवर टाकलंस. पुढच्या आठवड्यात लाल टोपीची बाई आली. तिलाही पोहे, तिचंही बरोबर. मग पुन्हा निळी टोपी, पुन्हा पोहे. इथे आयर्लंडात मतपत्रिकेवर एक, दोन, तीन असे नंबर घालता येतात, सगळ्यांचं मन राखता येतं. तुमच्याकडे एकच खूण करायची असते गं.

शुक्रवारी अंतिम अहवाल द्यायचा आहे. तो फसला तर माझी नोकरी जाते, तिच्याबरोबर परमिट, आणि परमिटबरोबर आमच्या ओजसची शाळा. मराठीत विचारलं तर तो इथल्या इंग्रजीत उत्तर देतो, त्याला आता नागपूरला नेऊन कुठे बसवू? खरं सांगतो, मला भीती वाटते. परवापासून जेवण जात नाही.

भावोजींना गुडघ्यासकट नमस्कार.

तुझा बुडालेला भाऊ,
ज्ञानेश

ता. क. : गुरुवारपर्यंत एकदाचं काय ते ठरव. लाल की निळा, मला काही फरक पडत नाही. ग्रुपवर टाक आणि शुक्रवार उलटेपर्यंत दार उघडू नकोस.

आणखी एक ता. क. : वरचं रद्द. शिवॉन आत्ताच म्हणाली, तुमचं उपनगर असंच डळमळत राहिलं तर क्लायंट नोव्हेंबरपर्यंत काम वाढवून देणार आहे. ताई, तुझ्या पाया पडतो, काहीही ठरवू नकोस. दोघांनाही पोहे दे. वरून खोबरंही घाल.

शेवटचं ता. क. : श्रावणीने पत्र वाचलं आणि विचारलं, ग्रीन कार्डवाल्यांना मत असतं का? नसतं, ताई. बारा मतं जिच्या जिवावर हलतात तिला स्वतःलाच मत नाही, आणि मतचाचणीवाला मी, मला हे बायकोने सांगावं लागतं. आता एवढंच कर, हे ग्रुपवर टाकू नकोस. ते बाराजण स्वतः विचार करायला लागले तर माझं काही खरं नाही.