तारेच्या दाराशी

ती. वन्सं, नमस्कार.

तुमच्या भावाच्या हृदयाला पंप बसवलाय, त्याची तार पोटातून बाहेर येते. तिथं लावायला तुम्ही तीर्थ पाठवलंत आणि मी फोनवर "लावलं" म्हणाले. ते खोटं होतं. बाटली देवापाशीच आहे.

नर्सबाईंनी बजावलंय, त्या जागेतून जंतू शिरला तर थेट पंप गाठेल. मी जुनी सुतळीसुद्धा टाकत नाही, पण हातमोजे दर वेळी नवे घेते. पट्टी बदलताना तोंड बांधते, पंखा बंद करते.

"देवापुढेसुद्धा एवढी शिस्त नसते तुझी!" हे कुरकुरतात.

आठ महिने जखम कोरडी आहे. देवाला सांगितलंय, आतलं तू बघ, दाराशी मी आहे.

तुम्हांला वाईट वाटेल, म्हणून पत्र धाडत नाही. बाटलीखाली ठेवतेय.

तुमची, खोटं बोलूनही निवांत झोपणारी,
भावजय