झाले-असते घर

देवाला स्मरून, कोणाच्या दडपणाखाली नव्हे, मी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी मॅट्रिक पास, घर सांभाळणारी, साबणवाल्यांची विधवा. गुडघे गेले, डोके जागेवर आहे. डॉक्टर समोर बसून त्याची खात्री करीत आहेत. राहते घर धाकट्या भाऊजींच्या नावे करणारे माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. कारखान्याचे सामान. तारेची चौकट, तराजू आणि छापाचे पितळी ठसे आमच्याकडे साबण कापणाऱ्या बाईंना द्यावेत. सगळे त्यांना तारवाली म्हणतात. भट्टी कायमची विझली त्या दिवशी यांच्यासोबत कढई घासायला त्या एकट्या थांबल्या. बाकीच्यांना दोष नाही. पोट प्रत्येकाला आहे.

२. राहते घर. धाकटे भाऊजी, म्हणजे यांचे पाठचे भाऊ, अर्थतज्ज्ञ आहेत. कंपन्यांनी बाजार बळकावल्यावरून, पैशांच्या व्यवहारांवरून खटले चालतात. तिथे ते अहवाल लिहितात आणि साक्ष देतात. त्यांचे सगळे शिक्षण याच घरात, आमच्या साबणावर झाले. "यांचा एक तास म्हणजे तुमचा महिना हो, ताई," असे जाऊबाई मला माझ्याच स्वयंपाकघरात ऐकवून गेल्या. असेलही.

मोठ्या कंपनीने साबण खर्चाहून कमी भावात विकायला काढला, तेव्हा आम्ही लहान साबणवाले मिळून कोर्टात गेलो. त्या दिवसांत भाऊजी जेवायला आले आणि कंपनीच्या नि आमच्या वडीचा भाव विचारू लागले. मी हिशेब ठेवणारी, भाव तोंडपाठ. वाटले, भावासाठी धावून आले. मी वाढत गेले, सांगत गेले.

साक्षीला उभे राहिले ते कंपनीच्या बाजूने. म्हणाले, माझ्याच घरात एक काटकसरी गृहिणी आहे. तिने कंपनीचा साबण घेतला असता तर तिची वर्षाला इतकी बचत झाली असती, मग ग्राहकाचे नुकसान कुठे? हे माझ्या शेजारी बसून ऐकत होते. मी तो साबण एकदाही घेतला नव्हता. तरी माझी बचत धरली गेली आणि आम्ही हरलो. लहान कारखाने बंद पडताच कंपनीने भाव चढवला. यांनी अंथरूण धरले, ते सोडलेच नाही.

हे गेल्यावर भाऊजी भेटायला आले. मी विचारले, "ते खरं होतं का?"

"वहिनी, मला जेवढं विचारलं तेवढं सांगितलं. असं झालं असतं तर काय झालं असतं, हे मांडणं हाच माझा धंदा."

पुढे दुसऱ्या एका खटल्यात ते लहान धंदेवाल्यांकडून उभे राहिले आणि नेमके उलटे बोलले. स्वस्त विकून माणसे कशी बुडवतात ते छान समजावून सांगितले म्हणे. तेही कोर्टाला पटले.

म्हणून मी त्यांच्याच रीतीने मांडते. त्यांनी ती साक्ष दिली नसती, तर हे घर त्यांचे झाले असते. ते झाले-असते घर, सगळ्या खोल्या, मागचा नळ आणि खिडकीशी असलेल्या त्यांच्या अभ्यासाच्या टेबलासह, मी त्यांना संपूर्ण देते. त्यात कोणी वाटा मागू नये. जाऊबाईंनी खुशाल पडदे लावावेत.

विटामातीचे घर तारवालीला द्यावे.

३. बँकेतली ठेव. मी प्रार्थनेला जाते तिथल्या मोफत दवाखान्याला. माझ्या नावाची पाटी लावू नये. पाटीच्या पैशात औषधे येतात.

४. शेवटची अंघोळ. आमच्या छापाच्या दोन वड्या ट्रंकेत जुन्या चादरीत गुंडाळल्या आहेत. मला त्याच वड्यांनी धुवावे. कंपनीची वडी माझ्या अंगाला लागली तर मी थेट देवापुढे दाद मागेन, आणि तिथे भाड्याचा साक्षीदार चालत नाही.

५. मी जिवंत आहे तोवर भाऊजींनी यावे आणि तारवालीदेखत म्हणावे, "मी भावाच्या विरुद्ध खोटं मांडलं." त्याच जागी मी हा कागद फाडीन. चहाही टाकीन. पण ते येणार नाहीत. त्या वाक्याची फी त्यांना कोणी देत नाही.

वाचून पाहिले, बरोबर आहे. सही केली.

साक्षीदार :
१. घरचे डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. (सही)
२. शेजारच्या निवृत्त शिक्षिका. सही करताना बाई हसत होत्या. (सही)

ठिकाण : राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : ९ मार्च २०१९