तिचा बर्फातला एक दिवस

बाई, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते आहे, कारण जे सांगायचं आहे ते जिला सांगायला हवं तिला माझ्याच्यानं सांगवत नाही. ती म्हणजे आपल्या चिपळूणच्या शाळेत माझ्या बाकावर बसायची तीच, तुमची लाडकी. आता ती अबू धाबीत डॉक्टर आहे, मोहम्मद बिन झायद सिटीत राहते. मी बर दुबईत, मीना बाजारातल्या एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर ट्रॅव्हल ऑफिसात काम करते. बारा वर्षं मी लोकांना स्वित्झर्लंडला पाठवते आहे. गाडी कुठे बदलायची, डोंगर दिसायला डब्यात कुठल्या बाजूला बसायचं, शाकाहारी माणसाला कुठे काय मिळेल, सगळं मला पाठ आहे. मी स्वतः एकदाही गेलेले नाही.

डिसेंबरात तिचा फोन आला. "अगं, ह्यांची कॉन्फरन्स आहे तिकडे. मला मधला एकच दिवस मोकळा मिळतोय. स्कीइंग करायचंय, आणि जागा अशी हवी की डोळ्यांचं पारणं फिटलं पाहिजे. मला त्यातलं काही कळत नाही. तू ठरव, मी मान खाली घालून जाईन." मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि तुमचं स्वयंपाकघर आठवलं. शनिवारची शाळा सुटली आहे. स्टोव्हवर आमसुलाचं सार उकळतंय. माझ्या दोन्ही मनगटांत निळ्या लोकरीची लडी अडकवून तुम्ही समोर पाटावर बसला आहात, गुंडा करता आहात. हिमालयातल्या शिबिरासाठी आपल्या शाळेला एकच जागा मिळाली आहे, ही लोकर जाणाऱ्या मुलीच्या टोपीची आहे, आणि सामानाची यादी तुम्ही माझ्याकडून करून घेतली आहे. "तुझ्यासारखी तयारी कुणाला जमायची नाही," तुम्ही म्हणता, आणि मी ती न विणलेली टोपी मनातल्या मनात घालून बघते. सोमवारी वर्गात तुम्ही तिचं नाव घेतलंत. टोपी तिची झाली, माझी यादीही तिचीच झाली. तिला पोचवायला आम्ही एसटी स्टँडवर आलो, तेव्हा मला बाजूला घेऊन तुम्ही हळूच म्हणालात, "दुसऱ्याच्या आनंदात असं तोंड पाडून उभं राहायचं असेल तर घरी जा." मी घरी गेले. ती का आणि मी का नाही, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. परत आली तेव्हा तिच्या नाकाची सालं निघाली होती आणि महिनाभर ती बर्फाशिवाय दुसरं बोलत नव्हती.

तरीही तिचा दिवस मी मनापासून आखला, एवढं तुम्ही माना. आदल्या रात्री इंटरलाकेनला मुक्काम, सकाळी ग्रिंडेलवाल्डला जायचं, तिथे भाड्याने बूट आणि स्की, शिकवायला एक माणूस. पुढे दोन वाटा ठेवल्या. एक, दातेरी रुळांच्या गाडीनं वर, अगदी आयगर शिखराच्या कड्यासमोर. दुसरी, खाली गावाला लागूनच असलेला सोपा उतार. हवा बघून सकाळी ठरवायचं होतं. तिथे डोंगराडोंगरावर कॅमेरे लावलेले असतात, मी रोज गिऱ्हाइकांसाठी इंटरनेटवर बघते. त्या सकाळी आमचे साडेअकरा वाजले होते, तिथले साडेआठ. खालच्या कॅमेऱ्यात नुसतं राखाडी. वरच्यात निळंशार आभाळ, लख्ख ऊन, आणि खाली खोरंभर पसरलेला ढगांचा समुद्र. हिवाळ्यात तिकडे असंच होतं, धुकं खाली बसून राहतं आणि वर उघडलेलं असतं. तेवढ्यात तिचा मेसेज आला, 'वर की खाली?' शेजारच्या टेबलावरून मॅनेजरनं विचारलं, "मॅडम, उस फॅमिली का व्हिसा हो गया क्या?" मी म्हटलं, "हो गया, खलास." आणि तिला लिहिलं, 'खाली.' बोट चुकलं नव्हतं, बाई. मी दोन्ही कॅमेरे पुन्हा एकदा बघितले आणि मगच पाठवलं.

पुढच्या रविवारी ती चॉकलेटं घेऊन घरी आली. मी चहा गाळत होते. माझ्या मुलानं सोफ्यावरूनच विचारलं, "डिड यू सी द माउंटन्स, मावशी?" ती हसली. "कुठले रे माउंटन्स? हात लांब केला तर हात दिसत नव्हता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शिकवणारा म्हातारा मला सकाळीच म्हणत होता, गाडी पकडून वर चला, वर ऊन आहे. मी म्हटलं, नाही. माझ्या मैत्रिणीनं खाली सांगितलंय. तिनं बघितल्याशिवाय सांगितलं नसणार."

मी कप तिच्या हातात दिला. मी विचारलं, "मग दिवस फुकटच गेला म्हण की."

"छे गं. किती वेळा पडले त्याची गणतीच नाही, पण बघायला कोण होतं? तो पुढे हाका मारत होता आणि मी त्याच्या आवाजामागे. शेवटी अख्खा उतार न पडता खाली आले. पन्नाशीला टेकलेली मी, पोरीसारखी किंचाळत होते. डोंगर दिसले असते ना, तर फोटोच काढत बसले असते."

"तिथली हवा फसवी असते," मी म्हटलं. हे दुसरं खोटं.

"असू दे गं," म्हणाली आणि चहा प्यायली. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाली, "पुढच्या वर्षी आपण दोघी जाऊ. बारा वर्षं दुसऱ्यांचे दिवस आखतेस." मी म्हटलं, "बघू, इन्शाल्ला." तिनं ते हो असंच धरलं असणार. माझं बोलणं ती तसंच धरते.

हे पत्र कुठे जायचं नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिहिलंय, उठण्याआधी पुसून टाकीन. तिला खरं सांगायला अजून तोंड उघडत नाही, आणि तुम्ही तिला सांगू शकत नाही म्हणूनच तुमची निवड केली. एवढं मात्र कबूल करते. तिला काहीच दिसू नये म्हणून मी तिला खाली पाठवलं. आता रोज सकाळी ऑफिसात आले की मी वरचा कॅमेरा उघडत नाही, खालचा उघडते. त्या राखाडी धुक्यात बघत बसते आणि तिचा हेवा करते.